सुकटीच्या खोक्यातली डबी

१

शांतीवहिनींनी लेकीच्या चेहऱ्यावरची ओढणी खसकन ओढली आणि रघुवीरराव तिरोडकरांचा चहा अर्धा बशीत, अर्धा लेंग्यावर सांडला.

ऋतिका परब म्हणजे त्यांच्या चाळीतली देखणी मुलगी. श्रावणात तसलं काही मनात आणू नये, पण तिचे गाल पाहून रघुवीररावांना शिजवलेला खेकडाच आठवला. लालबुंद गाल, त्यावर बारीक पुरळ, सुजलेली हनुवटी, नाकाच्या दोन्ही बाजूंना सोलवटलेली कातडी. आणि पुढच्या आठवड्यात पोरीचा साखरपुडा.

"बघा भावजी, नीट बघा," शांतीवहिनी म्हणाल्या. "आणि आता सांगा, पोलिसात जाऊ की नको?"

"कुणाविरुद्ध?"

"त्या अक्षदाच्या, आणखी कोणाच्या? घरात चुलीवर क्रीम रटरटवते आणि लोकांच्या पोरींच्या तोंडाला फासते! रविवारी कमिटीची मीटिंग लावा. तिचा धंदा बंद करा, नाहीतर मी लालबागभर बोंब मारीन."

असं म्हणून त्यांनी काचेची एक बुटकी बरणी टेबलावर आपटली. बरणीवर बारीक अक्षरात कसलीशी लांबलचक नावं छापली होती.

रघुवीररावांची सगळी नोकरी विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करण्यात गेली होती. स्वतःच पेटवलेली गोदामं त्यांनी पकडली होती, आणि कागदोपत्री मेलेला एक इसम कणकवलीच्या एसटी स्टँडवर भजी खाताना पकडला होता. निवृत्त झाल्यावर लालबागच्या या चाळीच्या कमिटीचं सेक्रेटरीपद आपसूक त्यांच्या गळ्यात पडलं. मीटरच्या खोलीची किल्ली कुणी पळवली, कुणाच्या कुंडीचं पाणी कुणाच्या वाळवणावर पडलं, हे सगळं त्यांच्याकडेच यायचं. पण तोंडाला लावायची क्रीम! त्यांचं स्वतःचं सौंदर्यज्ञान दाढीनंतरच्या तुरटीपाशी संपत होतं.

अक्षदा मांजरेकरला ते ती फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून ओळखत होते. लोअर परळच्या ऑफिसातली चांगली नोकरी सोडून तिनं आईच्या खोलीत हा उद्योग मांडला होता आणि आता कुठे जम बसत होता. शिवाजी पार्कला सकाळी फिरायला येणाऱ्या बायका तिच्याकडून माल नेत होत्या. रविवारी चाळीनं ठराव केला की तिचं नाव जाणार, आणि या धंद्यात एकदा नाव गेलं की उरतं काय? त्यातून ऋतिका आणि ती बालवाडीपासूनच्या मैत्रिणी.

"बाळ, याशिवाय आणखी काय लावतेस तू?" त्यांनी ऋतिकाला विचारलं.

"काहीच नाही काका. श्रावण लागल्यापासून फक्त अक्षदाचंच. दुसरं बोटभरसुद्धा नाही."

पोरगी खोटं बोलत नव्हती. खोटं बोलणारी माणसं रघुवीररावांनी ढिगानं पाहिली होती. त्यामुळे तर ते जास्तच बुचकळ्यात पडले.

२

"विष कुठलंय यातलं?" बरणी उजेडात धरून त्यांनी अक्षदाला विचारलं. "हे बघ, पहिलंच नाव. गार्सिनिया इंडिका सीड बटर. ऐकूनच अंगावर काटा येतो."

"मुठेल, काका. कोकमाच्या बियांचं तेल. हिवाळ्यात टाचांना लावायचे ना आपल्याकडे गावी?"

"मुठेल?" रघुवीररावांची आईच त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. "आणि हे सेसॅमम इंडिकम?"

"तीळ."

"टोकोफेरॉल तरी नक्की झुरळाचं औषध असणार."

"ई जीवनसत्त्व आहे ते. तेल खवट होऊ नये म्हणून थेंबभर घालते."

"अगं मग सरळ तीळ, मुठेल असं लिही की!"

"खाली मराठीत लिहिलंय, पण तुम्ही वाचलंच नाहीत. मुठेलाला प्रत्येक गावात वेगळं नाव. जगात कुठंही कळावं म्हणून झाडाचं शास्त्रीय नाव लिहितात." अक्षदा रडत नव्हती, पण तिचा आवाज चिरकत होता. "जे जास्त घातलंय ते आधी लिहायचं, कमी असेल ते नंतर. अगदी चिमूटभर असेल ते शेवटी. आणि पाणी घातलं असेल तर ते टिकवायला काहीतरी घालावंच लागतं. नाहीतर या हवेत बुरशी येणारच. माझ्या क्रीममध्ये पाणीच नाही, नुसती तेलं."

रघुवीररावांनी मान डोलावली. कळलं असं वाटलं, आणि लगेच सगळं पुन्हा गढूळ झालं. विषासारखी वाटणारी नावं तिळाची आणि कोकमाची निघाली. मग पोरीचं तोंड भाजलं कशानं?

"हे सगळं तुला येतं, तसं ऋतिकाला येतं का?"

"मीच शिकवलं. आषाढात भिशीच्या बायकांना बोलावलं होतं मी, लेबल कसं वाचायचं ते दाखवायला. सगळ्या आपापल्या डब्या घेऊन आलेल्या. ऋतिका पण होती." तिनं दाराकडे पाहिलं. "आता ती माझ्या दारावरून जाताना मान फिरवते, काका. माझ्या हातून काही चुकलं असेल तर मी स्वतः बंद करीन हे सगळं. पण काय चुकलं ते तरी कळू दे."

"याच खेपेची बरणी आणखी कुणी नेली?"

"मीराकाकूंनी."

मीराकाकू म्हणजे खुद्द रघुवीररावांच्या पत्नी. ते तडक घरी आले आणि बायकोच्या चेहऱ्याकडे निरखून बघत राहिले.

"अहो, असं काय बघताय?" मीराबाई संशयानं म्हणाल्या.

"तू हे क्रीम कधीपासून लावतेस?"

"पहिल्या श्रावणी सोमवारापासून. आज दिसलं होय तुम्हाला? मोठे आले चौकशी अधिकारी!"

मीराबाईंचा चेहरा तुळतुळीत होता. तरीही खात्री म्हणून रघुवीररावांनी दुपारी जेवण झाल्यावर ऋतिकाच्याच बरणीतला बोटभर लेप आपल्या गालाला चोपडला आणि आडवे झाले. उठून पाहतात तो गाल मऊसूत. दुसऱ्या दिवशीही मऊसूतच. म्हणजे बरणी निर्दोष होती, आणि चौकशी जिथून सुरू झाली तिथेच येऊन बसली.

३

"मिरची!" शांतीवहिनी म्हणाल्या. "तिच्या आईनं मालवणी मसाला केला ना, त्याचेच हात लागले असणार. माका ठाऊक होता."

"वहिनी, मिरची लागली की माणूस लगेच नाचतो. ऋतिका, लावल्या लावल्या आग झाली?"

ऋतिका पाठमोरी बसली होती. चेहरा दाखवायची तिची तयारी नव्हती. "नाही काका. पहिले तीन-चार दिवस काहीच झालं नाही. मग जरा खाज. मग रोज थोडं थोडं वाढत गेलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीच्या गोळ्या दिल्या, त्यांनी काही फरक नाही."

"लहानपणी तुला मुठेल कधी लावलं नव्हतं?"

"दर हिवाळ्यात लावायचे मी," शांतीवहिनीच बोलून गेल्या आणि मग आपणच शत्रूची बाजू घेतली म्हणून चरफडल्या.

तिळाचे लाडू पोरगी डबाभर खायची, मुठेल तिच्या अंगवळणी पडलेलं. मग आता त्याच दोन गोष्टी एकत्र येऊन तिच्यावर उलटल्या? रघुवीररावांचं डोकं भणभणायला लागलं. ते हवा घ्यायला बाहेर गॅलरीत आले.

गॅलरीच्या टोकाला एक पुठ्ठ्याचं खोकं होतं. परबांच्या घरचा श्रावण कडक. गटारी झाली की दुसऱ्या दिवशी घरातलं सगळं मांसमच्छीचं सामान या खोक्यात जायचं आणि थेट गणपती गेले की आत यायचं. रघुवीरराव सहज डोकावले. मासे तळायचा तवा. अंड्यांचा रिकामा ट्रे. सुक्या बोंबलांची पिशवी. सुकटीचा डबा. आणि त्या डब्याला टेकून एक नाजूक हिरवी डबी, झाकणावर तुळशीचं पान.

"वहिनी, ही तोंडाला लावायची क्रीम सुकटीत काय करतेय?"

"काय की! पोरीनंच टाकली असेल." शांतीवहिनींना त्यात काही विशेष वाटलं नाही. "परळच्या श्रेयाच्या पार्लरमधली हाय ती. वर्षभर तीच लावायची. अशी गोरीपान दिसायची, भावजी! ती लावत होती तोवर दृष्ट लागण्यासारखा चेहरा होता."

रघुवीररावांनी डबी उघडली. गुलाब आणि जवळा यांचा असा काही संमिश्र वास आला की त्यांनी नाक धरलं. आत क्रीम पांढरंशुभ्र, लोण्यासारखं. पुढच्या बाजूला मराठीत ठसठशीत लिहिलं होतं : 'हरितमाया. शंभर टक्के नैसर्गिक. तुळस, चंदन, हळद. प्रिझर्व्हेटिव्ह अजिबात नाही.' वाचून जीव निवावा अशी सगळी घरातली नावं.

डबी फिरवून मागचं वाचलं. पहिलं नाव पाणी. मग कसलीशी तेलं, मग लॅनोलिन, मग सुगंध. तुळस, चंदन आणि हळद सगळ्यांत शेवटी, लग्नपत्रिकेत कोपऱ्यात चिमुकल्या भाच्यांची नावं असतात तशी.

"कधी आणली ही?"

"होळीच्या आधी," आतून ऋतिका म्हणाली. "मोठी डबी आहे, पुरते."

म्हणजे अख्खा उन्हाळा आणि अर्धा पावसाळा. रघुवीररावांनी कपाळाला आठ्या घातल्या. गेल्या आठवड्यात त्यांच्या कपाटातल्या चामड्याच्या चपलांना हिरवी लव आली होती. मीराबाईंच्या पापडांवर ठिपके पडले होते. आणि हे पाणी घातलेलं, टिकवायला काही न घातलेलं क्रीम कालच भरल्यासारखं ताजं होतं. लेबल खोटं बोलत होतं. पण ज्या डबीला पोरीनं श्रावणभर हात लावला नाही, तिच्या खोटेपणाचा पोरीच्या चेहऱ्याशी संबंध काय?

४

श्रेयाचं पार्लर परळच्या एका नव्या टॉवरच्या तळमजल्यावर होतं. रघुवीररावांनी मीराबाईंना सोबत घेतलं, कारण तिथे एकट्या पुरुषानं बसायचं कसं हे त्यांना समजेना.

श्रेया मोठी गोड बाई. थंड पाणी दिलं, पंखा वळवला. मीराबाईंना 'मावशी' म्हणाली आणि त्यांच्या भुवया वाखाणल्या.

"आमच्या चाळीतली ऋतिका परब तुमच्याकडे यायची ना?" रघुवीररावांनी सुरुवात केली. "तिचा चेहरा बिघडलाय."

"बंद केलं का तिनं माझं क्रीम?" श्रेयानं पटकन विचारलं. मग थोड्या वेळानं म्हणाली, "अरेरे, कशानं बिघडला?"

"दुसरं एक घरगुती क्रीम लावलं."

"तेच! त्या अक्षदाचं ना? मिरची-बिरची लागली असणार. घरात बनवलेल्या मालाचा काय भरवसा? तुम्ही तिला माझ्याकडे पाठवा काका. दोन दिवस माझं क्रीम लावलं की चेहरा पहिल्यासारखा. साखरपुड्याला एकदम चमकेल, गॅरंटी."

शेजारच्या खुर्चीत एक बाई केस रंगवून बसल्या होत्या. त्यांनी मान न हलवता पुस्ती जोडली. "खरंय हो. मी मे महिन्यात गावी गेले, ही क्रीम न्यायची राहिली. तर काय सांगू, तोंड असं फुललं! गावच्या पाण्यानं असेल. परत आले, लावली, की झालं गायब. या क्रीमला तोड नाही."

श्रेया हसली, पण तिनं त्या बाईंच्या डोक्यावर लगेच ड्रायर चढवला आणि त्यांचं बोलणं त्यात बुडवलं.

आतल्या दाराचा पडदा वाऱ्यानं हलला. मागे एक मोठा पांढरा डबा, चमचा आणि रिकाम्या हिरव्या डब्या मांडलेल्या रघुवीररावांना दिसल्या.

"कंपनी इथेच भरते वाटतं?" त्यांनी विचारलं.

"माल मोठ्या डब्यात येतो काका. मी फक्त लेबल लावते," श्रेया म्हणाली आणि पडदा नीट ओढला.

परतताना रघुवीरराव हिंदमाताच्या साड्यांच्या दुकानांसमोरून मुकाट चालत होते. मीराबाई एकेका काचेसमोर थांबत होत्या, आणि नवरा कुरकुरत नाही म्हणून काळजीत पडल्या होत्या.

"बरं नाही का वाटत?"

"मीरा, एक औषध लावलं की बरं वाटतं, सोडलं की बिघडतं, पुन्हा लावलं की बरं. ते औषध चांगलं की वाईट?"

"मला काय विचारता? दारूचं असंच असतं म्हणतात," मीराबाई म्हणाल्या आणि एका पैठणीकडे वळल्या.

रघुवीरराव जागच्या जागी उभे राहिले. मागून येणाऱ्या माणसानं त्यांना शिवी हासडली, तीही त्यांना ऐकू आली नाही.

५

"खरं सांग," ते ऋतिकाला म्हणाले. अक्षदालाही त्यांनी आपल्या घरी बोलावलं होतं, आणि दोघी मैत्रिणी खोलीच्या दोन टोकांना बसल्या होत्या. "डबी सुकटीच्या खोक्यात का टाकलीस?"

ऋतिका ओढणीशी चाळा करत राहिली. "हसाल तुम्ही."

"मी लोकांच्या मोठमोठ्या थापा ऐकल्यात, कधी हसलो नाही. तुझ्या खऱ्याला कसा हसेन?"

"अक्षदानं भिशीत शिकवलं होतं ना, मागचं वाचायचं. मी घरी येऊन वाचलं. त्यात लॅनोलिन लिहिलेलं. ती म्हणाली होती, लॅनोलिन मेंढीपासून येतं." ऋतिकाचा आवाज खाली गेला. "आईचा श्रावण एवढा कडक. घरात अंडं चालत नाही. आणि मी मेंढीची चरबी तोंडाला फासून सोमवारी शंकराला बेल वाहू? मग गटारीच्या दुसऱ्या दिवशी तवा ठेवताना तीपण ठेवली. श्रावणापुरतं म्हणून अक्षदाचं घेतलं."

"अगं बये!" अक्षदा उठून उभी राहिली. भांडण ती पार विसरली होती. "चरबी नाही गं ती! मेंढीच्या लोकरीला तेलकटपणा असतो, तो धुऊन काढतात. मेंढी मरत नाही!"

"तू तेवढं कुठे सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे?"

रघुवीररावांनी दोघींना हातानं गप्प केलं. विम्याच्या फॉर्मवर लोक काय लिहितात ते तर कुणीही वाचील. रघुवीररावांनी आयुष्यभर शोधलं ते त्यांनी न लिहिलेलं : आधीचं आजारपण, आधीची आग. अक्षदाच्या बरणीवरची नावं वाचून वाचून त्यांचे डोळे दुखले होते. आणि ऋतिकाला सगळे विचारत होते, काय लावतेस? काय लावायचं सोडलंस, हे कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी स्वतःही नाही.

"चला दोघी," ते म्हणाले. "डबी घ्या बरोबर."

परळच्या एका दवाखान्यात डॉक्टर संघमित्रा नावाच्या कातडीच्या तज्ज्ञ होत्या. त्यांनी ऋतिकाचे गाल भिंगातून पाहिले, चार प्रश्न विचारले, हिरवी डबी उलटीसुलटी केली. लेबल वाचून त्यांनी डबी टेबलाच्या दूरच्या कडेला सरकवली.

"हिच्यात काय आहे ते या लेबलवर सापडायचं नाही," त्या म्हणाल्या. "पण अशा डब्यांत काय असतं, ते मी चेहऱ्यांवर रोज बघते."

६

रविवारी सकाळी गणपतीच्या अर्ध्या बांधलेल्या मांडवातच कमिटी बसली. रघुवीररावांनी श्रेयालाही बोलावलं होतं, 'या क्षेत्रातल्या जाणकार' म्हणून. ती चांगली साडी नेसून आली आणि पुढच्या खुर्चीवर बसली.

"ठराव मांडा भावजी," शांतीवहिनी म्हणाल्या.

"मांडतो. आधी अक्षदाची बरणी." रघुवीरराव उभे राहिले. "याच खेपेचं क्रीम माझ्या बायकोनं लावलं, याच बरणीतलं मी लावलं. आमची थोबाडं तुमच्यासमोर आहेत. त्यात जे आहे ते ऋतिका लहानपणापासून खाते आणि लावते. म्हणजे बरणीचा दोष नाही. मग श्रावणात पोरीच्या आयुष्यात दुसरं काय बदललं? तिनं एक क्रीम सोडलं. वर्षभर लावलेलं."

त्यांनी हिरवी डबी वर धरली. श्रेयाची मान ताठ झाली.

"पाणी आहे, टिकवायला काही नाही, असं म्हणतात हे लेबल. अख्खा उन्हाळा आणि अर्धा पावसाळा काढूनही बुरशी नाही. म्हणजे आत काहीतरी आहे जे लिहिलेलं नाही. एक लपवलं तर आणखी काय लपवलं? डॉक्टर म्हणतात, स्टेरॉइड. खाज आणि सूज दाबायचं औषध. ते तोंडाला रोज लावलं की कातडी गोरी, गुळगुळीत दिसते. आतून मात्र पातळ होत जाते. मग एक दिवस सोडलं की सगळं उसळून वर येतं. पुन्हा लावलं की पुन्हा दबतं. माणसाला वाटतं, वा, काय गुणाचं क्रीम! डबी आम्ही सरकारी प्रयोगशाळेत तपासायला दिली होती, त्यांनी नमुना ठेवून घेतलाय, उत्तर येईल तेव्हा येईल."

"मला काय माहीत आत काय आहे?" श्रेया म्हणाली. "कंपनीनं घातलं असेल. मी नुसती विकते."

"मलाही तसंच वाटलं असतं. पण मी तुम्हाला म्हणालो, ऋतिकाचा चेहरा बिघडलाय. कुणीही विचारील, काय झालं? तुम्ही आधी विचारलंत, माझं क्रीम बंद केलं का? सोडल्यावर काय होतं हे नुसत्या विकणारीला कसं ठाऊक? आणि मिरचीनं भाजलेलं तोंड तुमच्या क्रीमनं दोन दिवसांत बरं होईल याची गॅरंटी तुम्ही कशाच्या जोरावर दिलीत?"

मांडवात चुळबुळ सुरू झाली. मागून ऋतिकाचा आवाज आला. "आणि दर वेळी क्रीमचा रंग थोडा वेगळा का असायचा, श्रेयाताई? कधी पांढरं, कधी पिवळट. कंपनीचा माल असा असतो?"

श्रेयानं पदराचं टोक करकचून पिळलं. मग एकदम तिचा बांध फुटला. "सगळेच घालतात! मेडिकलमध्ये साधी ट्यूब मिळते, कुणी चिठ्ठी मागत नाही. साध्या क्रीममध्ये कालवायची. बायकांना आठ दिवसांत गोरं व्हायचं असतं, नाही झालं तर दुसरीकडे जातात. मी काय करू?"

"लेबलवर लिहायचंस," अक्षदा शांतपणे म्हणाली.

श्रेया निघून गेली तेव्हा तिला कुणी अडवलं नाही. तिच्या पार्लरची तक्रार औषधं तपासणाऱ्या खात्याकडे करायची, असा ठराव मात्र एकमतानं झाला. लोक अक्षदाच्या पाठीवर थाप मारून पांगले.

शांतीवहिनी तेवढ्या बसून राहिल्या. मग त्या रघुवीररावांजवळ आल्या आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाल्या, "भावजी, म्हणजे ती क्रीम लावली तर दोन दिवसांत चेहरा बरा होईल, हे खरं ना?"

"दिसायला बरा होईल."

"मग साखरपुड्यापुरती... फक्त तेवढ्यापुरती... नंतर सोडू दे. मुलाकडची, धनेशची माणसं काय म्हणतील हो? पोर माझी अशी दिसत असताना..." त्यांचे डोळे भरून आले होते.

रघुवीररावांनी हातातल्या हिरव्या डबीकडे पाहिलं. गुन्हेगार सापडला होता, आणि सगळ्यांत जलद इलाज त्याच गुन्ह्याच्या डबीत होता. हे कुठल्या नियमात बसवायचं?

ऋतिका मागेच उभी होती. "आई," ती म्हणाली, "डॉक्टर सांगतात ते मलम, आणि काही महिने धीर. मी अशीच उभी राहीन."

शांतीवहिनी जिना चढून गेल्या.

७

साखरपुडा दादरच्या एका छोट्या हॉलमध्ये होता. डॉक्टरांच्या मलमानं सूज उतरली होती, पण गाल अजून लालच होते, आणि त्यावर पावडर लावायचीही मनाई होती. धनेशला ऋतिकानं आधीच फोटो पाठवून सगळं सांगितलं होतं. त्यानं घरी मात्र काही सांगितलेलं दिसत नव्हतं.

अक्षदा आली होती, पण शेवटच्या रांगेत, खांबाआड बसली होती. मांडवात तिच्या पाठीवर थापा पडल्या खऱ्या, पण मांडवात होते चाळीतले वीस-पंचवीस जण. शांतीवहिनींची बोंब त्याआधीच भायखळ्यापर्यंत पोचली होती. शिवाजी पार्कच्या बायकांनी मागवलेला माल परत केला होता. आणि ज्या बाईनं आळ घेतला, तिनं अजून तोंडातून एक शब्द काढला नव्हता. रघुवीरराव हे सगळं बघत होते आणि आपली चौकशी पुरी होऊनही अपुरी राहिली असं त्यांना वाटत होतं.

अंगठ्या झाल्या. धनेशची आत्या पुढे आली, ऋतिकाची हनुवटी वर उचलली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगं बाई, मुलीच्या तोंडाला काय झालंय हे?"

पेढे वाटणारे हात थांबले. ऋतिकानं खाली पाहिलं. धनेश काहीतरी बोलायला पुढे सरसावला. रघुवीररावांनी शांतीवहिनींकडे पाहिलं. नुसतं 'अ‍ॅलर्जी' म्हटलं असतं तरी वेळ निभावली असती. कुणाचं नाव नको, कसली लाज नको.

शांतीवहिनींनी हातातलं ताट खाली ठेवलं. त्या हॉलच्या मधून चालत शेवटच्या रांगेपर्यंत गेल्या, खांबाआडून अक्षदाचं मनगट धरलं आणि तिला ओढत पुढे घेऊन आल्या. अक्षदा बावरून इकडे तिकडे बघत होती.

"माझ्या पोरीला गोरं करायचं वेड मला होतं," शांतीवहिनी आत्याबाईंना म्हणाल्या. "एका बाईनं क्रीमच्या नावाखाली वर्षभर औषध फासलं आणि मी ते कौतुकानं बघत राहिले. शेवटी ते असं उलटलं. आणि मी आळ घेतला कुणावर? हिच्यावर! हिनं दिलेलं एवढंच काय ते खरं होतं. मी लालबागभर हिचं नाव खराब केलं, म्हणून आज सगळ्यांदेखत सांगते. चूक माझी. हिची नाही."

आत्याबाईंनी ऋतिकाची हनुवटी सोडली. विहीणबाईंनी दोन पावलं पुढे येऊन ऋतिकाचा लाल गाल हळूच कुरवाळला, आणि दुसऱ्या हातानं अक्षदाला तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं.

इतके दिवस एक टिपूस न गाळलेली अक्षदा तिथे, सगळ्यांसमोर, ऋतिकाच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली.